तोंडल्यांची ओढणी

सिराजुद्दीनने तोंडलं मोडलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "समदभाई, ही माडी कुठल्या माडाची?" खोलीतले सगळे हसले. अब्दुस्समदही हसला, कारण सिराजुद्दीन बोलला की हसायचं अशी त्या खोलीची रीत होती. मुंबईत डोंगरीतली ही खोली कोकणातल्या दिघीच्या जमातीची. गावचा खलाशी जहाजावरून उतरला की दुसरं जहाज मिळेपर्यंत इथेच पथारी टाकायचा, आणि अशा माणसांना हसायला थोडं कारण पुरतं. मग सिराजुद्दीनने उरलेला अर्धा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि अब्दुस्समदचं हसू जागच्या जागी थांबलं. तुकडा बाहेरून हिरवागार होता, आत्ताच वेलीवरून काढल्यासारखा चमकत होता. आत मात्र गर पाण्यासारखा झाला होता, बिया तपकिरी पडल्या होत्या, आणि सकाळची माडी दुपारपर्यंत उन्हात राहिली की येतो तसा आंबूस, नाकात चढणारा वास त्यातून येत होता. त्याने टोपलीतलं दुसरं मोडलं. तोच वास. तिसरं मोडायला त्याचा हात धजेना. "कुनाला बोलू नको," तो म्हणाला. "मी कशाला बोलतो?" सिराजुद्दीन म्हणाला, "पन तुझी खाला ही डेकवर शिजवून खाल ना, तर सगळ्या हाजणी झुलत झुलत जिद्द्याला उतरतील." पुन्हा हसणं झालं. या वेळी अब्दुस्समद हसला नाही. त्याने टोपलीवर फडकं बांधलं, वहाणा घातल्या आणि तो जिना उतरला.

खाली रस्त्यात त्याला आठवलं, की मूठभर तोंडली खालाकडे आहेत. काल हाजींच्या मुसाफिरखान्यात तिला सोडताना तिने टोपलीत हात घालून मूठ भरून घेतली होती आणि ओढणीच्या पदरात गाठ मारून ठेवली होती. "ही माझ्याजवळ असू दे," ती म्हणाली होती. "बाकीची तू बोटीवर चढवशील तेव्हा चढव." फिरोजा ही त्याच्या आईची बहीण, म्हणून खाला. तिची मुलगी जहुरा त्याला दिलेली, म्हणून सासूही. पण खाला हा शब्द लहानपणापासून तोंडात बसलेला, तोच राहिला. हजला मायलेकी दोघी जाणार होत्या. कितीतरी वर्षं दोघींचं तेच बोलणं चालायचं, समुद्र लागतो का, जिद्द्याला पाणी कसलं, डेकवर चूल कुठे मांडायची. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जहुरा तापाने गेली. ईद झाल्यावर जमातीतल्या बायांनी खालाला विचारलं, तर ती म्हणाली, आता कसली जाते. मग एक दिवस ती अब्दुस्समदच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "समद, जहुरा तुला जहाजावर न्यायला ती तोंडली करून द्यायची, तशी तुला करता येतात काय?" तो म्हणाला, येतात. "तिने शिकवली?" तो म्हणाला, शिकवली. "मग मी जाते," ती म्हणाली. "ती नाय तर तिच्या हातची रीत तरी बरोबर येल. तीपण नसल तर माझा पाय उचलायचा नाय." असं ठरलं. हजची आगबोट सुटायला अजून मधे एक दिवस होता, आणि पदराच्या गाठीत ती तोंडली आत्ता कुजत होती. खालाला सवय होती, हातात काही असलं की ते चाचपत बसायची. तसबीहचे मणी चाचपावेत तशी ती तोंडली चाचपत असेल. एखादं मोडेल. किंवा शेजारणीला दाखवायला चावून बघेल. तिथे जाऊन, खाला, गाठ सोड, असं सांगायला हवं होतं. तो मुसाफिरखान्याच्या रस्त्याला लागलाही. कोपऱ्यापर्यंत गेला. मग त्याला वाटलं, गाठ सोडायला लावली तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं तर ती आजच गाठोडं बांधून दिघीला परत येईल. तो वळला आणि धक्क्याकडे चालू लागला. कोकणची बोट सुटायला वेळ होता. दुपारी उतरता येईल, संध्याकाळी नवी करता येतील, उद्या परत. तोपर्यंत खालाने गाठ सोडू नये, एवढंच.

बोटीत त्याने टोपली दोन पायांच्या मधे धरली. आपल्याला जो वास येतो तो दुसऱ्यालाही येत असेल असं वाटून तो वाऱ्याच्या बाजूला, कठड्याजवळ जाऊन बसला. बोट हलली, मुंबई मागे पडली, मांडव्याचा डोंगर पुढे आला. पुढच्या बाकावर एक बाई पोराला खाजं भरवत होती. तिने एकदा मागे वळून नाक मुरडलं, आणि अब्दुस्समदने फडक्याची गाठ आणखी आवळली. तो स्वयंपाक्या माणूस होता. जन्मभर जहाजावर भंडारी म्हणून राहिला, म्हणजे खलाशांचं आणि आगवाल्यांचं जेवण रांधणारा. नासलेलं अन्न त्याने किती वेळा नाकाने ओळखून समुद्रात टाकलं होतं. पण ही टोपली त्याच्या हातून भरली होती आणि त्याच्या नाकाला काही कळलं नव्हतं, कारण वास बाहेर यायला वाटच नव्हती. वरून नीट, आत सडलेलं. हे त्याने कसं केलं, तेच तो आठवू लागला.

जहुरा कशी करायची, हे त्याला ठाऊक होतं असं त्याला वाटत होतं. जहाज लागायच्या आदल्या दिवशी तो गाठोडं बांधायला बसायचा आणि ती ओट्यावर पाट मांडून बसायची. उकड्या तांदळाची पेज फडक्यातून गाळून घेतलेली, निवलेली, त्यात चिमूट मीठ आणि खोबरेलाचे थेंब. तोंडली धुवायची नाहीत, नुसती पुसायची. पेजेत बुडवायची, दोन तळव्यांत फिरवायची आणि चटईवर सावलीत वाऱ्याला ठेवायची. सुकलं की दिसायचंही नाही काही, फक्त किंचित चमक. पाण्यात धुतलं की निघून जायचं, राहिलं तरी पोटात जायला हरकत नाही, पेजच ती. याला ती ओढणी म्हणायची. शेजारच्या अतियाने एकदा तिला टोमणा मारला होता, "काय गं जहुरा, तोंडल्यांनापण पडद्यात बसवतेस?" तशी ती म्हणाली होती, "पडदा नाय गं, ओढणी. पडद्यातून वारा येत नाय." तेव्हा अब्दुस्समदला ते बायकांचं नुसतं बोलणं वाटलं होतं. ती तोंडली जाळीत घालून तो जहाजाच्या खालच्या डेकला टांगायचा. इतर भाजी दोन दिवसांत माना टाकायची, वांगी सुरकुतायची, आणि ही एडन मागे पडलं तरी करकरीत. दुसरी तोंडली आतून लाल होतात, पिकतात, ही हिरवीच. आगवाले कोळशाने काळे होऊन वर आले की ओरडायचे, "भंडारी, आज ओढणीवाली काढ!" तो लगेच काढायचा नाही. जपून काढायचा, आणि शेवटची दोनचार स्वतःसाठी ठेवायचा.

मागच्या खेपेला एकच उरलं होतं. पोर्ट सैदच्या बंदरात ते त्याने कच्चंच खाल्लं, मीठ लावून, गॅलीच्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून. कर्रकन वाजलं. त्याच संध्याकाळी बाजूला दुसरं जहाज लागलं आणि त्याच्यावरचा मोहम्मद सारंग, खलाशांचा मुकादम, गावचाच माणूस, शिडीवरून चढून आला. त्याने आधी पाणी मागितलं. मग म्हणाला, "समद, बस खाली." जहुराला जाऊन महिना होत आला होता. दिघीच्या कबरस्तानात तिच्यावर पहिला पाऊसही पडून गेला होता, आणि तिच्या हातचं तोंडलं त्या सकाळपर्यंत जाळीत ताजं होतं. लोक काय काय बोलले, नमाज कुणी पढवली, जमात किती जमली, मोहम्मद सांगत होता. अब्दुस्समदच्या दातांत अजून तो आवाज होता. कर्रकन. ती खेप संपल्यावर तो जहाजावर पुन्हा चढला नाही. घरी बसला. लोक म्हणाले, बायको गेली म्हणून भंडारी खचला. तसं नव्हतं, किंवा नुसतं तसं नव्हतं. त्याला गॅलीत उभं राहून कांदा कापतानाही भीती वाटू लागली होती, की आपण जे आत्ता ताजं म्हणून हातात धरलंय त्याच्या मागचं माणूस असेल की नसेल.

म्हणून खालासाठी करायला बसला तेव्हा त्याने ठरवलं होतं, की ही टिकली पाहिजेत. जिद्द्यापर्यंत, मक्केपर्यंत, जमलं तर परतीपर्यंत. जहुराची रीत चांगलीच, पण ती फार तर महिना-दीड महिना पुरायची. एका परक्या बंदरात त्याने मेण चोपडलेली मोसंबी पाहिली होती, आरशासारखी चमकणारी. दुकानदाराने बोट वर करून सांगितलं होतं, महिने टिकतात. तर त्याने पेज जरा दाट घेतली. तेल जास्त घातलं. मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून त्यात ढवळलं. एकदा बुडवली, सुकवली, पुन्हा बुडवली. प्रत्येक तोंडल्याला हाताने चोळून चोळून कुठे उघडी जागा राहू दिली नाही, देठाच्या टोकालाही नाही. तोंडली लखलखत होती. मांडीवर टोपली घेऊन बसला तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं होतं, की आता जहुराच्या हाताला कुणी काही करू शकत नाही. आता बोटीत, मांडव्याचा डोंगर मागे सरत असताना, त्याला ते सगळं उलटं दिसत होतं. पडद्यातून वारा येत नाय. आपण काय घातलं? पडदाही नाही, त्याहून जाड. त्या जाड गोष्टीचं नाव त्याच्या मनात आलं. कापूस लावून माणसाला ज्या पांढऱ्या कापडात गुंडाळतात ते. त्याने ते नाव पुरं होऊ दिलं नाही.

थळच्या समोर, खांदेरीचा दिवा उजवीकडे दिसू लागला तेव्हा त्याने फडकं सोडलं. पाठ लोकांकडे केली आणि एकेक तोंडलं काढून मोडायला लागला. मोडायचं, हुंगायचं, पाण्यात टाकायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, हे तरी. बोटीच्या मागे समुद्रपक्षी जमले, खाली झेपावले आणि काही न उचलता वर गेले. पक्ष्यांनाही नको. ती पोरवाली बाई आता उघड उघड त्याच्याकडे बघत होती. "बाबा, भाजी का टाकताव?" तिने विचारलं. "नासली," तो म्हणाला. "वरून तं बरी दिसतंय." त्याने पुढचं मोडलं. वरून बरं दिसतंय म्हणूनच नासलं, हे तिला कोणत्या भाषेत समजावणार? अलिबागचा किल्ला गेला, रेवदंडा गेलं. टोपलीचा तळ दिसायला लागला. तळाशी एक तोंडलं होतं, इतरांसारखं चमकत नव्हतं, एका बाजूला ओरखडा, पेजेचा नुसता पुसटसा हात फिरलेला. तेव्हा पेज संपली होती आणि भांड्याला लागलेल्यात त्याने ते उगाच घोळवलं होतं, त्याला आठवलं. दोन्ही अंगठ्यांनी त्याने ते मोडलं. कर्रकन वाजलं. आत हिरवट पांढरं, बिया कोवळ्या, वास तोंडल्याचा. अर्धा तुकडा त्याच्या हातून निसटून कठड्यावरून पाण्यात पडला. उरलेला त्याने खिशात ठेवला.

जंजिऱ्याच्या बंदरात पडावाच्या होडीत उतरून तो दिघीला आला तेव्हा ऊन कलत होतं. घरी न जाता तो सरळ खाडीकाठच्या उतारावर, घरामागेच असलेल्या जनीच्या वाडीत गेला. जनी आगरी बाई, नवऱ्यामागे वाडी एकटीने सांभाळणारी. तिच्या मांडवावरची तोंडली जहुरा नेहमी घ्यायची, आणि दोघी कुंपणाला उभ्या राहून भांडायच्याही तेवढ्याच. जनी रहाटाजवळ म्हशीला पाणी दाखवत होती. "अगो बाई," ती म्हणाली, "समदभाय, तुमी? खाला हजला गेली न्हाय?"

"जायची हाय. तोंडली पायजेत. कोवळी, आत्ताच्या आत्ता."

"परवा तं नेलीत टोपलीभर."

"सडली."

"सगली?"

"सगळी. एक सोडून." त्याने खिशातला तुकडा दाखवला. जनीने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि हसायला लागली. अब्दुस्समदला राग आला. "हसतेस काय? जहुराची एक कधी सडली नाय. माझ्या हातालाच बरकत नाय, दुसरा काय."

"भाबीची सडत न्हाय?" जनी म्हणाली. "कोन बोललं तुमाला? भाबीची पन सडायची."

"तू काय बोलतेस?"

"मंग? तुमचं जहाज धराच्या आदी माज्या कडनं चार टोपल्या न्याची ती. तुमच्या गठडीत येक जायाची. बाकीची कुटं गेली? हिच्या पोटात." तिने म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "मागच्या गडग्यावरनं वततानी बोलायची, जनी, तुझ्या म्हशीची हज माझ्या तोंडल्यांवर व्हायची हाय."

अब्दुस्समद रहाटाच्या दगडावर बसला. जनीने मेलेल्या माणसावर काही खोटं घातलंय असं वाटून त्याला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण तोंडली पाहिजे होती. चार टोपल्या. त्याने कधी दुसरी टोपली पाहिली नव्हती. ती पहाटेला उठायची, तो उठायचा तेव्हा एक टोपली ओट्यावर तयार असायची, स्वच्छ, मोजकी. "मला कशी दिसली नाय?" तो म्हणाला. "दिसू कशाला देल?" जनी म्हणाली. "मला बोललेली, त्याला सांगू नको. त्याला वाटू दे माझी येक बी सडत न्हाय. जहाजावर दुसऱ्या बायका आठवाच्या तवा माझी तोंडली आठवतील." ती पुन्हा हसली, मग हसता हसता गप्प झाली आणि मांडवात शिरली. आतून तिचा आवाज आला, "तुमी गालाला लावून बघितली का?"

"काय लावून?"

"गालाला वो. दुसऱ्या सकालला येकेक गालाला लावायची ती. गार लागलं तं ठेवायची. गरम लागलं तं हिला. बोलायची, दम घेतंय ते गार असतं, कोंडलेलं गरम."

हे त्याने पाहिलं होतं. हे मात्र त्याने पाहिलं होतं. जहाज धरायच्या सकाळी डोळे पुरते उघडायच्या आधी, चादरीतून, कितीदा. ती ओट्याच्या कडेला पाठमोरी बसलेली, ओढणी खांद्यावर सरकलेली, आणि एकेक तोंडलं उचलून गालाला लावून क्षणभर थांबणारी. त्याला नेहमी वाटलं होतं, की ती ती तोंडली आपल्याबरोबर पाठवते आहे म्हणून त्यांना गाल लावते. त्याने कधी विचारलं नव्हतं, कारण अशी गोष्ट विचारली की बाई लाजते आणि करायचं सोडते. लाल समुद्रात, उकाड्यात, जाळीतून तोंडलं काढताना त्याने चार माणसांत नजर चुकवून ते आपल्या गालालाही लावलं होतं. परक्या बंदरांत, लढाईच्या वेळी दिवे विझवून जहाज चालायचं तेव्हा काळोखात, किती वर्षं. आणि ते काम होतं. निवडणं होतं. गरम आहे की गार. म्हणजे ती निरोप देत नव्हती. ती म्हशीला काय द्यायचं ते ठरवत होती. मग हळूहळू त्याच्या डोक्यात आलं, की पाठमोरी बसायची ती त्यासाठी. टाकायचं तोंडलं त्याला दिसू नये म्हणून. इतकी वर्षं ती त्याच्यापासून नासकी तोंडली लपवत होती आणि तो तिच्यापासून जागं असणं लपवत होता.

"काय झालं?" मांडवातून बाहेर येत जनीने विचारलं. "भाबीची चुगली केली म्हनून रागावलाव?"

"नाय," तो म्हणाला. "चार टोपल्या काढ."

त्या संध्याकाळी त्याने ओट्यावर जहुराच्याच पाटावर बसून नवी तोंडली केली. पेज पातळ. मेण नाही. तेल थेंबभर. तळहातांत फिरवताना जोर लागू लागला की तो हात पाण्यात बुडवून सैल करायचा, पण हाताला मुळातच घट्ट धरायची सवय, ती लगेच परत यायची. तेव्हा तो स्वतःला बजावायचा, ओढणी, समद, ओढणी. अतिया तिच्या दारातून बघत होती. "आता तुम्ही पडदा घालायला बसलात काय?" ती म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा ओशाळला. तिला वाटलं आपण नको ते बोललो. "नाय," तो म्हणाला. "ओढणी." मधूनच त्याच्या डोळ्यापुढे खालाच्या पदराची गाठ यायची आणि हात थांबायचा. ती आत्ता काय करत असेल? मुसाफिरखान्याच्या उकाड्यात गाठीतला रस ओढणीला लागला असेल. वास सुटला असेल. बंगालकडच्या, पंजाबातल्या कुठल्या कुठल्या बाया तिथे, कुणीतरी म्हणेल, बुढी, तुझ्या अंगाला हा कसला वास? खाला काय म्हणेल? माझ्या मुलीच्या हातचं आहे, म्हणेल. हे वाक्य आलं की तो पुढचं तोंडलं पेजेत बुडवायचा.

सकाळी उजेड फुटताच तो चटईशी बसला. पहिलं तोंडलं उचलून गालाला लावलं. काहीच कळेना. दाढी होती. दाढीच्या वर, डोळ्याखाली लावलं. गार होतं, वाटलं. दुसरं गरम वाटलं. मग वाटलं, पहिलंही गरमच होतं. त्याने ते पुन्हा लावलं. एका तोंडल्यापाशी इतका वेळ गेला, तर तिने चार टोपल्या त्याला जाग येण्याआधी कशा निवडल्या? ती किती वाजता उठत असेल? हे त्याच्या मनात आधी कधी आलंच नव्हतं. त्याने डोळे मिटले, आणि मग जमायला लागलं. गार. गार. हे कोमट, हे मागे. गार. डोळे मिटून गालाला लावत असताना एकदा त्याला आपल्या पाठीमागे, खोलीतल्या चादरीतून कुणीतरी बघतंय असं स्पष्ट वाटलं. तो वळला नाही. वळलं तर ते मोडेल हे त्याला माहीत होतं, आणि खालची सगळी चटई निवडायची राहिली होती. उन्हं अंगणात येईपर्यंत ठेवायची अर्धी टोपलीसुद्धा भरली नव्हती. बाकीची त्याने मागच्या गडग्याच्या दगडांवरून पलीकडे ओतली. म्हैस आपणहून आली, जणू तिला वाट ठाऊक होती. एका तोंडल्याचं मात्र त्याला ठरवता आलं नाही. ते त्याने खिशात टाकलं.

मुंबईला उतरल्यावर तो खोलीवर न जाता थेट मुसाफिरखान्यात गेला. हजची आगबोट दुसऱ्या सकाळची होती. अंगणात गाठोडी, बादल्या, हंडे, वळकट्या यांचा ढीग लागला होता आणि माणसं त्यातून वाट काढत एकमेकांना हाका मारत होती. खाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. तिचं गाठोडं बांधलेलं, जवळ ठेवलेलं. जायला बांधलंय की परतायला, ते कळत नव्हतं. तिच्या ओढणीच्या पदराला गाठ नव्हती. त्या जागी डाग होता आणि तो धुतल्यासारखा ओला होता.

"कुठे गेलेलास?" ती म्हणाली.

"दिघीला."

"मी एक मोडला. काल, तू गेलास त्याच दुपारी." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "मग सगळी मोडली. मग वाटला, चला, अल्लाची मर्जी नाय. गाठोडा बांधला." ती थांबली. "सिराज आलेला तुला बघायला. बोलला, तू टोपली घेऊन कोकणच्या बोटीकडे गेलास. तर बसले. म्हटला, बघू हा काय करतो."

अब्दुस्समदने तिच्यापुढे टोपली ठेवली आणि फडकं काढलं. जिन्यावर येणारे-जाणारे थांबले, पुढे गेले. खालाने टोपलीत डोकावलं. "एवढीशीच?" ती म्हणाली. "चार टोपल्या घेतल्या होत्या ना तू? अतियाचा घोव रातच्या गलबताने आला, तो सांगत होता."

आता सांगायचं ते त्याने बोटीत घोळवून ठेवलं होतं. खाला, तिने मला शिकवलं नव्हतं, मी खोटं बोललो. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "बाकीची जनीच्या म्हशीने खाल्ली," तो म्हणाला.

खालाने मान वर केली. पहिल्यांदा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिचा खालचा ओठ हलायला लागला आणि त्याला वाटलं ती रडते आहे. पण ती हसत होती. दात नसलेल्या तोंडाने, आवाज न करता, गाठोड्यावर हात टेकून. "मेली," ती म्हणाली. "मला बोलायची, अम्मा, समदला सांगशील तर तुझ्याशी बोलणार नाय. त्या म्हशीला तर मी ओळखते." तिने टोपलीतलं एक तोंडलं उचललं. थोडा वेळ हातातच धरलं. मग सगळ्यांच्या देखत, त्या गर्दीत, गालाला लावलं आणि डोळे मिटून तशीच बसली. अब्दुस्समदने तोंड फिरवलं. वर कुणीतरी पहाटेच्या निघण्याची हाक देत होतं. सगळ्यांनी फजरच्या आधी तयार राहावं, सामानाला गाडी इथूनच लागेल.

"तिने मला शिकवला नव्हता, खाला," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"ठावं हाय. तिला तरी कोणी शिकवलेला?" खाला म्हणाली. तिने तोंडलं टोपलीत ठेवलं, फडकं बांधलं आणि टोपली गाठोड्याच्या वर, नीट तोल सांभाळून ठेवली. "ही खालच्या सामानात द्यायची नाय. डेकवर वाऱ्याला ठेवायची. एवढा तरी बघशील ना उद्या?"

"बघतो," तो म्हणाला.

तो बाहेर रस्त्यावर आला. संध्याकाळची गर्दी होती, ट्रामची घंटा वाजत होती, कुठेतरी कबाबाचा धूर होता. खिशात हात घातला तेव्हा ते तोंडलं हाताला लागलं, ज्याचं सकाळी ठरलं नव्हतं. तो एका बंद दुकानाच्या फळीला टेकून उभा राहिला आणि ते त्याने डोळ्याखाली धरलं. दिवसभर खिशात, अंगाच्या उबेत राहिलेलं. त्याने डोळे मिटले आणि तो वाट बघू लागला.